मी दोरा बदलत राहिलो

लातूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. मुखेडजवळच्या एका खेड्यातून मी इथे आलो, त्याला आता तीस वर्षं होतील. स्टील, पितळ, तांबं, सगळं विकलं, पण दुकानात कुणी नशिबाचं नाव काढलेलं मला चालत नसे. मुलीच्या लग्नाची भांडी घेताना एखादी बाई म्हणाली, "बघू, पोरीच्या नशिबात असंल तसं," की मी हातातला हंडा खाली ठेवायचो आणि तिला पाच मिनिटं ऐकवायचो. माणूस आपलं भलंबुरं आपल्या हातानं करतो, मावशी, नशीब वगैरे सगळी आळशांची सबब आहे. माझी बायको महानंदा आतून ओरडायची, "आधी हंडा द्या त्यांला!"

आम्ही लिंगायत. कामालाच पूजा मानावं ही आमची शिकवण. मी तिचा माझ्या सोयीचा अर्थ काढून ठेवला होता. जो नेटानं काम करतो त्याचं वाईट होत नाही, आणि ज्याचं वाईट झालं त्यानं कुठंतरी कुचराई केलेली असणार. दुसऱ्यांच्या दुःखाला मी वर्षानुवर्षं हेच माप लावलं. आज आठवलं की लाज वाटते.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांना मला झाला होता तोच आजार निघाला. त्यांच्या सुनेनं फोन केला, "आप्पा, तुम्ही कसं हिमतीनं परतवलं ते आमच्या मामंजींना सांगा ना." मी सांगायला सुरुवात केली आणि अडखळलो. फोनवर जमलं नाही म्हणून लिहून काढतो आहे.

दोऱ्याचा दोष

आमच्यात इष्टलिंग लहानपणी गळ्यात येतं ते शेवटपर्यंत. चांदीची छोटी डबी, तिला दोरा. सकाळी आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, पूजा करायची आणि पुन्हा डबीत ठेवायचं. अंगावरून ते उतरवत नाहीत.

त्या वर्षी चैत्रात मानेच्या डाव्या बाजूला, दोरा जातो तिथंच, काहीतरी टोचायला लागलं. बोट लावलं तर हरभऱ्याएवढं काही हाताला लागलं. मी निदान केलं की दोरा घासतोय. महानंदाला म्हणालो, हा दोरा राठ आहे, मऊ सुताचा करून दे. तिनं मांडीवर सूत वळून नवा दोरा केला. पंधरा दिवस बरं वाटलं, निदान मी तसं म्हणालो.

हरभऱ्याचं बोर झालं. मग रेशमी गोफ केला. बोराचा आवळा झाला. मग तिसरा दोरा, जरा लांब, आणि त्याची गाठ उजव्या खांद्याकडे फिरवली. संध्याकाळी अंगात कणकण असायची, पँट ढिली व्हायला लागली होती. पट्ट्याला मी खिळ्यानं नवं भोक पाडलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, बघा, गोड सोडलं की माणूस कसा सडपातळ होतो.

"दवाखान्यात दाखवा की हो," महानंदा म्हणायची.

"दोरा लागतोय. त्याला डॉक्टर काय करणार?"

असे चार महिने मी घालवले.

श्रावणातला सोमवार

श्रावणातल्या सोमवारी आमच्याकडे स्वामींना, म्हणजे जंगमांना, बोलावतात. त्यांचे पाय धुवायचे, पूजा करायची, जेवू घालायचं. आमचे नेहमीचे स्वामी थकलेले, त्यांना दिसतही कमी. त्या सोमवारी ते उदगीरला लेकीकडे अडकले आणि त्यांनी पुतण्याला पाठवलं. चाळिशीतला माणूस, आमची ओळख ना पाळख.

पूजा झाल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला भस्म लावलं, मग गळ्याला लावताना त्यांचा हात तिथंच थांबला.

"आप्पा, हे कवापासून हाय?"

"दोरा लागतो, स्वामी."

त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं. "दोरा लागला तर वरचं कातडं सोलंल. आतून गाठ कशाला यील? माज्या थोरल्या भावाला अशीच आली हुती. उद्या दवाखान्यात जावा."

मी हसण्यावारी नेलं. बघू, म्हणालो. महानंदानं पान वाढलं होतं. स्वामी पाटावर बसेनात.

"उद्या जातो म्हणाल तरच पानावर बसतो. न्हाई तर असाच निघालो."

श्रावण सोमवारी स्वामी आपल्या दारातून उपाशी गेले, तर आम्हाला वर्षभर कुणाला तोंड दाखवता आलं नसतं. मी झक मारत हो म्हणालो. ते जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच गेलो का हे विचारायला पुन्हा दारात आले.

आता बघा. नेहमीचे स्वामी आले असते तर त्यांना गाठ दिसलीही नसती. हे आले, त्यांच्या भावाला तोच त्रास झालेला, आणि स्वभावानं हट्टी. यात माझी मेहनत कुठं आहे? मी त्या दिवशी फक्त पाय धुतले होते.

माझं काय चुकलं

लातूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी आम्हाला दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की रसग्रंथींचा कॅन्सर आहे, औषधानं पुष्कळदा बरा होतो, पण उपचार लगेच सुरू करायला हवेत. आमची लेक राजश्री नांदेडला दिलेली आहे हे कळल्यावर म्हणाले, तिथं या आजाराचे डॉक्टर आहेत, तिकडंच जा.

मी एकच प्रश्न विचारला. "माझं काय चुकलं?"

"उशीर केलात, ते चुकलं. आजार व्हायला तुमची काही चूक नाही. कुणालाही होतो."

हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. तंबाखूमुळे झाला, खाण्यामुळे झाला, असं म्हणाले असते तर मला धीर आला असता. चूक असती तर ती दुरुस्त करता आली असती. कुणालाही होतो म्हटल्यावर मी काय करायचं?

बाहेर पायऱ्यांवर महानंदा मटकन बसली. "तिन्ही दोरे म्याच वळले हो," म्हणून रडायला लागली. त्या वेळी मी काय बोलावं? "मग तू मला ओढून का न्हाई नेलंस दवाखान्यात?" असं मी तिला म्हणालो. जिनं दर आठवड्याला सांगितलं तिलाच. ती पदरानं तोंड पुसून रिक्षा बघायला गेली. या सगळ्या आजारपणात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट तीच. माफी मागायला मला पुढं दोन महिने लागले.

नांदेड

लेकीच्या घरी मुक्काम करायचा या कल्पनेनंच मला कसंतरी होत होतं. आमच्या आईनं माझ्या बहिणीच्या घरी कधी रात्र काढली नाही. मी म्हणालो, दवाखान्याजवळ खोली बघू. राजश्री माझ्यावरच गेलेली. "लग्नात तुम्ही मला सहा पातेली दिली ना, आप्पा? आता त्यांत शिजवलेलं माझ्या हातचं चाटून पुसून खायचं. खोलीचं नाव काढलं तर मीच लातूरला येऊन बसते." जावयांनी न बोलता आपली खोली मला दिली आणि स्वतः बैठकीत अंथरूण टाकलं. सात महिने.

महानंदा लातूरला दुकान बघायची आणि औषधाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला यायची. तिच्या हाती दुकान माझ्यापेक्षा बरं चाललं. ती कुणाला उपदेश करत नाही, एवढंच कारण असावं.

पहिल्या मोठ्या तपासणीच्या दिवशी मी गोंधळ घातला. मशिनमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही, गळ्यातलं काढा, असं तिथला माणूस म्हणाला. मी म्हणालो, हे उतरत नाही. तो म्हणाला, मग तपासणी होत नाही. मी म्हणालो, नको मग. मागं रांग खोळंबलेली. देगलूरकडच्या एक सिस्टर आल्या, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी मशिनवाल्याला विचारलं, "दगड चालतो की नाही?" दगड चालतो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आप्पा, डबी वैनीकडं देऊ. लिंग कापडात गुंडाळून दंडाला बांधू. मी हात धुवून येते. मी बांधलेलं चालंल न्हवं तुमाला?"

मला चालेल का, हे त्या विचारत होत्या. मी मान हलवली. त्यांनी स्वच्छ पट्टीची घडी केली, लिंग मीच त्यात ठेवलं, त्यांनी दंडाला घट्ट बांधलं. पुढं दर वेळी सलाईनची सुई त्या उजव्या हातालाच लावायच्या, कारण पूजेला मला डावा तळहात लागतो हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मारोतराव

औषधाच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर हदगाव तालुक्यातले मारोतराव असायचे. कापूस-सोयाबीनची शेती, उंच, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. सोबत त्यांची बायको गयाबाई. आमचा आजार एक, औषध एक, तारीख एक. दर पंधरा दिवसांनी चार-पाच तास आम्ही शेजारी बसायचो.

फरक एकच होता. त्यांना आंघोळ करताना गाठ हाताला लागली, दुसऱ्या दिवशी ते हदगावला डॉक्टरकडे गेले, आठव्या दिवशी नांदेडात. मी चार महिने दोरे बदलून आलेलो.

एवढं असूनही उपदेश कोण करायचं? मीच. राजश्रीच्या घरी मी भिंतीवर तक्ता लावला होता. उकळलेलं पाणी, मुगाचं कढण, गच्चीवर चाळीस फेऱ्या, हात किती वेळा धुतले. त्याची नक्कल खिशात ठेवून ती मी मारोतरावांना वाचून दाखवायचो. मन खंबीर ठेवायचं, मारोतराव, आजार पळतो की नाही बघा. ते ऐकून घ्यायचे. तक्ता न लावता ते सगळं तेच करत होते.

एकदा म्हणाले, "आप्पा, मी लई वर्षं झाली कापूस लावून राहिलो. नांगरट, पेरा, निंदण, फवारणी, समदं माझ्या हातात हाय. पाऊस न्हाई."

"म्हणून काय हात बांधून बसायचं?"

"म्या कुठं बसून राहिलो? करतो की. पण पीक आलं म्हून मी शेजाऱ्याला अक्कल शिकवत न्हाई."

गयाबाईंनी त्यांना कोपरखळी मारली. मी तक्त्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

चौथ्या वेळी माझी सगळी हिंमत संपली. तोंड आतून सोललेलं, डोक्यावर केस नाहीत, औषधाच्या नुसत्या वासानं पोटातून ढवळायचं. हॉलच्या दारातच मी भिंत धरली आणि महानंदाला म्हणालो, मला न्हाई घ्यायचं आता, लातूरला चल. माझा तक्ता, माझं खंबीर मन, सगळं त्या दारात गळून पडलं. मला मरणाची भीती वाटत होती आणि बरं होण्याचीही ताकद नव्हती. मारोतराव हाताला सुई घेऊन बसलेले, तिथूनच त्यांनी हाक मारली, "आप्पा, या. आज काई बोलू नका. नुसते बसा." गयाबाईंनी पदराच्या गाठीतून मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. तोंडात धरल्यावर कितीतरी दिवसांनी जिभेला चव कळली. मी बसलो. त्याच दिवशी सलाईन चालू असताना मी महानंदाला म्हणालो, दोऱ्याचं खापर तुझ्यावर फोडलं ते चुकलं माझं. ती म्हणाली, "ठावं हाय मला. झोपा आता."

रिपोर्ट

चैत्रात औषधं संपली. पुन्हा तपासणी झाली आणि आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं.

मी आधी आत गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, कुठं काही राहिलेलं दिसत नाही. महानंदानं टेबलालाच हात लावून नमस्कार केला. मला हसावं की रडावं कळेना. बाहेर आलो तोवर मारोतराव आणि गयाबाई आत गेले होते.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तेव्हाच मला कळलं. मी माझा रिपोर्ट पिशवीत, टॉवेलच्या खाली सारला.

मारोतराव बाहेर आले. "परत निघालं म्हणतात. पोटात. आता दुसरं औषध, जरा जहाल." मग विचारलं, "तुमचं?"

"माझा अजून... यायचाय."

आयुष्यभर खणखणीत आवाजात बोललेला मी, पुटपुटलो. गयाबाई महानंदाकडे बघत होत्या. महानंदाला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यानंही येत नाही.

"लपवून राहिलात व्हय आप्पा?" मारोतराव म्हणाले. "सहा महिने वाईट तेवढं वाटून खाल्लं, अन् चांगलं एकट्यानं?"

ते फाटकाबाहेर गेले आणि समोरच्या हॉटेलातून कागदात पेढे घेऊन आले. सिस्टरांना दिला, दारावरच्या माणसाला दिला. मग माझ्यापुढं कागद धरला. मी हात मागं घेतला.

"मारोतराव, तुम्ही आठव्या दिवशी आलात. मी चार महिने वाया घालवले. हे उलटं व्हायला पाहिजे होतं."

"मंग काय, उशीर केला म्हून तुमी मरायला पायजे हुतं?" ते चिडले होते. पहिल्यांदाच. "तुमचं चांगलं झालं ते खरं हाय. माझं बिघडलं तेबी खरं हाय. खावा."

मी पेढा खाल्ला. तोंडात पेढा असताना मोठ्यानं रडणारा माणूस बाकी लोकांना कसा दिसला असेल कोण जाणे. गयाबाई आणि महानंदा एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

त्या दिवसापासून नशिबाबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. नशीब आहे. माझ्या बाबतीत ते स्वामींच्या बोटांवर आलं, सिस्टरांच्या पट्टीतून आलं, जावयाच्या खोलीत आलं, आणि त्यातलं मी काहीच कमावलेलं नव्हतं. मेहनतही आहे. औषध वेळेवर घेतलं, नियम पाळले, ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. गाठ लागली तर मारोतरावांसारखं दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा, माझ्यासारखं वागू नका. पण कुणाचा आजार उलटला तर त्यानं हिंमत कमी ठेवली असेल, असं चुकूनही मनात आणू नका. मारोतरावांपेक्षा हिमतीचा माणूस मी पाहिलेला नाही.

हदगाव

मारोतरावांचं दुसरं औषध उन्हाळ्यात सुरू झालं. दर वेळी मी लातूरहून नांदेडला जातो. आता मी सोबत्याच्या स्टुलावर बसतो. गयाबाईंना तेवढाच वेळ बाहेर जाऊन चहा घेता येतो, हातपाय मोकळे करता येतात.

भाद्रपदात एकदा सलाईन चालू असताना त्यांनी विचारलं, "आप्पा, औंदा कापूस फुटंल तवा मी असन का?"

पूर्वीचा मी असतो तर छातीठोक सांगितलं असतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, मारोतराव. पण वेचायला मी येतो."

"तुमाला वेचता येतंय व्हय?"

"न्हाई."

ते हसले. हसल्यावर खोकला आला, सिस्टर रागावल्या.

दिवाळी झाली आणि मी खरंच गेलो. महानंदाही आली. हदगावच्या पुढं त्यांचं शेत, पांढरं फुललेलं. डॉक्टरांनी अजून निश्चित काही सांगितलेलं नाही, आणखी दोन वेळा औषध घ्यायचं आहे, मग बघू म्हणतात. वेचलेला कापूस टाकायला गयाबाईंनी माझ्या कमरेला फडक्याची ओटी बांधली. मारोतराव बांधावर बाजेवर बसलेले, डोक्याला पटका गुंडाळलेला, चेहरा सुकलेला आणि आवाज मात्र पूर्वीचाच.

"आप्पा, बोंड तोडून राहिलात तुमी! कापूस काढा, कापूस! बोटं आत घाला. तसं न्हाई हो. आरं देवा, भांडी घासून राहिलात का काय!"

बायका हसायला लागल्या. बोंडाची टोकं नखात शिरत होती, पाठ मोडली होती. दुपारपर्यंत गयाबाईंची ओटी दोनदा भरून रिकामी झाली आणि माझी एकदाही भरली नाही. मारोतराव माझ्या प्रत्येक चुकीला नावं ठेवत होते आणि मी ती न रागावता, एकेक करून, ऐकून घेत होतो. आवाज थांबला की मी मान वर करून बघायचो. ते पाणी पीत असायचे.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. चपला घालत होतो तेवढ्यात त्यांनी बाजेवरूनच हाक मारली.

"आप्पा, उद्या बी या. तो कोपरा राहिला हाय."

महानंदानं माझ्याकडे पाहिलं. लातूरला दुकान बंद होतं. मी चपला काढल्या आणि म्हणालो, आज इथंच राहतो.